करंजाच्या इंधनातले मीठ

आमच्या साबणाच्या कारखान्यातील निवृत्त मंडळी वर्षातून एकदा मुलुंड पूर्वेच्या एका सभागृहात जमतात. यंदाच्या मेळाव्यात आमच्या जुन्या फिटरने ध्वनिक्षेपक हाती घेऊन एक हकीकत सांगितली आणि साठ-सत्तर माणसांना पोट धरून हसवले. त्या हकीकतीत तीन चुका होत्या. पहिली, ते तेल एरंडाचे नव्हते, करंजाचे होते. दुसरी, इंजिनाचा स्फोट वगैरे काही झाला नाही. इंजिन निमूटपणे अडकून बसले. तिसरी, त्या इंधनात मीठ आमच्या साबणाच्या कढईवरच्या मिस्त्रींनी टाकले नाही. ते मी टाकले.

पहिल्या दोन चुकांसाठी मी लेखणी उचलली नसती असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. मी चुकीचे ऐकून घेणारा माणूस नाही; वर्तमानपत्रांना पाठवलेल्या माझ्या दुरुस्तीपत्रांची एक फाईलच घरात आहे. तरीही खरे कारण तिसरी चूक हेच आहे. मिस्त्री आता हयात नाहीत. एका हुशार कारागिराचे नाव दरवर्षी बटाटेवड्याबरोबर चघळले जाते आणि ते ज्या चुकीसाठी चघळले जाते ती चूक माझी आहे. मेळाव्याची स्मरणिका निघणार असून तिच्या संपादकांनी प्रत्येकाकडून आठवणी मागवल्या आहेत. ही माझी आठवण.

कारखाना घाटकोपर पश्चिमेला होता. पत्र्याच्या तीन शेड, मागे एक विहीर, विहिरीवर एका सिलिंडरचे डिझेल इंजिन. ते पट्ट्याने पंप ओढत असे आणि त्या पाण्यावर आमचा सगळा साबण शिजे. काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्याचा. मी तेथे केमिस्ट होतो. हुद्दा भारदस्त असला तरी काम एवढेच, की आलेल्या तेलाची आम्लता तपासायची, साबणातला ओलावा काढायचा आणि शेठजींना ‘माल बरोबर आहे’ असे सांगायचे. मी विद्यापीठात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला माणूस. बुरेटमधून थेंब पाडता पाडता माझे केस पिकतील, ही कल्पना मला सहन होत नसे.

स्वस्त कपड्याच्या साबणासाठी आमच्याकडे करंजाचे तेल ड्रमांनी येई. काळपट, कडू, उग्र वासाचे. देवनारच्या कचराडेपोकडून वारा सुटला तरी त्या वासावर मात होत नसे. वनस्पतीच्या तेलाची मद्यार्काशी प्रक्रिया केली तर त्यातून पातळ, डिझेलसारखे जळणारे द्रव्य मिळते, हे मी एका परदेशी नियतकालिकात वाचले होते. आज ज्याला शाळकरी मुलेही बायोडिझेल म्हणतात, त्याला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हते. मी त्याला एस्टर म्हणत असे. कामगार ‘पातळ तेल’ म्हणत. माझा भाचा अभियंता आहे. तो मला अलीकडे सांगत होता, की आपल्याकडे हे सगळे बरेच नंतर सुरू झाले. त्याला मी म्हणालो, कागदावर नंतर झाले असेल. घाटकोपरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते तुझ्या मुंजीच्या आधी झाले.

शेठजींना मी कल्पना सांगितली तेव्हा ते पान लावत होते. ते म्हणाले, “केमिस्टसाहेब, करंज तर आपल्याकडे पडलाच आहे. विहिरीवरचा इंजिन चालवून दाखवा. चालला तर बाकीच्या शेठलोकांना बोलावतो, नाही चालला तर मी कोणाला काय सांगितलाच नाही.” एवढ्या परवानगीवर मी कामाला लागलो. मेथिल अल्कोहोलचा ड्रम आला. ते पोटात गेले तर माणूस आंधळा होतो, म्हणून त्याच्या खोलीची किल्ली मी स्वतःच्या जानव्याला बांधून ठेवली. जानव्याचा तेवढाच उपयोग मी आयुष्यात केला.

पहिला घाणा पूर्ण फसला. तेलात अल्कोहोल आणि कॉस्टिक सोडा घालून दोन तास ढवळले. मग झाकण काढले, तर आत खरवसासारखा गोळा. कढईवरचे मिस्त्री मुद्दाम बघायला आले. मालवणकडचे, मध्यम उंचीचे, पन्नाशी ओलांडलेले. उभे आयुष्य साबणाच्या कढईशेजारी गेलेले. त्यांनी गोळ्यात बोट बुडवले, पाण्याच्या बादलीत चोळले, फेस काढला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “केमिस्टसाहेब, ह्यो तर साबण झालो. एवढा महागाचा अल्कोहोल घालून साबण आमी पण नाय करूक.”

फिटर इतका हसला की त्याच्या हातातला पाना पडला. मला राग आला. पण तो राग दुपारपर्यंतच टिकला, कारण चूक काय आहे ते मिस्त्रींना माझ्याआधी कळले होते. करंजाच्या तेलात मोकळी आम्ले फार असतात. कॉस्टिक घातले की ती आधी साबण होतात आणि मुख्य प्रक्रिया अडून बसते. मिस्त्रींना आम्ले वगैरे शब्द ठाऊक नव्हते. ते म्हणाले, “आधी तेलाचा राग उतरवा. थोडा कॉस्टिकचा पाणी द्या, होयत तेवढो साबण खाली बसान दे, तो काढून टाका. मगे तुमचा काय ता करा.” किती पाणी द्यायचे, असे मी विचारले. “जिभेक लावून बघा,” ते म्हणाले.

हा त्यांच्या धंद्याचा रिवाज होता. कढईतला साबण लाकडी पट्टीवर घ्यायचा, जरा निववायचा आणि जिभेच्या टोकाला टेकवायचा. चटका बसला तर कॉस्टिक जास्त, नुसता तेलकट लागला तर कमी. मी हे ज्ञान हसण्यावारी नेले आणि प्रयोगशाळेत आम्लांक काढून हिशेबाने कॉस्टिक मोजले. मिस्त्रींनी शेजारी उभे राहून जिभेने अंदाज सांगितला. दोघांच्या उत्तरांत मूठभराचाही फरक नव्हता. हे मी तेव्हा कोणाला सांगितले नाही. आज सांगतो.

त्यानंतरचे चार-पाच महिने माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले महिने होते. आम्लता उतरवलेले तेल तापवून कोरडे करायचे, बंद ड्रममध्ये अल्कोहोल आणि कॉस्टिकबरोबर ढवळायचे, मग स्वस्थ ठेवायचे. सकाळी येऊन पाहावे तर तळाशी काकवीसारखे काळे ग्लिसरीन आणि वर मधाच्या रंगाचे पातळ एस्टर. ते पाण्याने तीनदा धुवायचे, म्हणजे त्यातला साबण आणि कॉस्टिक निघून जाते. मग पुन्हा तापवून पाणी उडवायचे. चाचण्या मी स्वतः बसवल्या होत्या. तळाला बारीक भोक असलेल्या पितळी पेल्यातून द्रव किती सेकंदांत गळतो ते घड्याळ लावून पाहायचे. कापसाची वात लावून काजळी किती धरते ते काचेवर बघायचे. आणि सगळ्यांत साधी चाचणी पळीची. पळीत थोडे एस्टर घेऊन ज्योतीवर धरायचे. तडतडले तर पाणी आहे, निवांत राहिले तर कोरडे आहे. पळीची चाचणी मिस्त्रींना फार आवडे. ते दुपारचे जेवण आटोपून येत आणि कान पळीकडे करून उभे राहत.

“आयकलात?” ते म्हणत. “अजून बोलता हा.”

पळी गप्प झाली की आम्ही दोघे मान डोलवत असू. विहिरीवरचे इंजिन आधी अर्धे डिझेल आणि अर्धे एस्टर, मग नुसत्या एस्टरवर चालले. धुराचा रंग फिका झाला. वास मात्र कुठे तरी भजी तळल्यासारखा येई आणि शेजारच्या कारखान्यातले लोक कुंपणावरून विचारत, “आज काय पार्टी आहे काय?” फिटर म्हणे, “साहेब, हे जमलं ना, तर झकास! आपण रिक्षा पण करंजावर पळवू.” मला त्या दिवसांत स्वतःविषयी जे वाटत होते ते मी येथे लिहीत नाही. माणसाने काही गोष्टी स्वतःपुरत्या ठेवाव्यात.

शेठजींनी मग सांगितल्याप्रमाणे केले. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. त्या दिवशी आसपासच्या पाच-सहा कारखानदारांना बोलवायचे आणि झेंडूच्या माळा घातलेले इंजिन आपल्या इंधनावर चालवून दाखवायचे असे ठरले. जुना साठा संपत आला होता. मी मोठा घाणा लावला आणि तोच नेमका धुण्यात अडकला. पाणी घालून ढवळले तर एस्टर आणि पाणी वेगळे होईनात. सगळा ड्रम ताकासारखा पांढरट होऊन बसला. ढवळणे जास्त झाले होते. त्यावर उपाय एकच, थांबणे. दोन दिवस, तीन दिवस, लागतील तितके. माझ्याकडे एक दिवस होता.

साबणाच्या कारखान्यात असे काही फिसकटले, पाणी आणि साबण एकमेकांना सोडीनात, तर काय करतात हे आमच्याकडचा झाडूवालाही सांगेल. मीठ टाकतात. कढईत खारे पाणी ओतले की साबण वर येतो, पाणी खाली राहते. पंधरा वर्षे मी ते डोळ्यांनी पाहत होतो. इंधनाचा विचार करणारा दुसरा कोणी असता, तेलशुद्धीच्या कारखान्यातला किंवा इंजिनांच्या कंपनीतला, तर त्याच्या मनात मीठ आलेच नसते. माझ्या मनात दुसरे काही आले नाही.

मी साबणखात्याच्या दारात जाऊन म्हणालो, “मिस्त्री, घमेलंभर मीठ हवं.”

ते स्वतः घमेले घेऊन आले. ड्रमकडे पाहिले, घमेले खाली ठेवले, पण हात काढून घेतला नाही. म्हणाले, “साहेब, कढईत ठीक आसा. पण ह्या इंजनात जातला मां? मीठ लोखंडाक खाता. आमच्या गावच्या होड्येचे खिळे बघलात तर कळतला.”

“नंतर गोड्या पाण्यानं धुऊन काढणार आहे,” मी म्हणालो.

“किती वेळा?”

“मिस्त्री, रसायनशास्त्र कुणी शिकलंय? तुम्ही की मी?”

हे वाक्य मी उच्चारले. फिटरच्या हकीकतीत ते नाही, कारण तो तेथे नव्हता. मिस्त्रींनी घमेल्यावरचा हात काढला आणि ते कढईकडे परत गेले. मीठ मी पाण्यात विरघळवले, ते पाणी ड्रममध्ये मी ओतले आणि पाहता पाहता ताक फाटून स्वच्छ मधाचा थर वर आला. मला टाळी वाजवावीशी वाटली. त्यानंतर गोड्या पाण्याने मी एकदा धुतले. तीनदा धुवायला हवे होते. तापवून कोरडे करायला वेळ उरला नव्हता. दुहेरी कापडातून गाळून घेतले. पळीची चाचणी केली नाही. कारण अगदी साधे आहे. ती तडतडली असती, हे मला माहीत होते.

दसऱ्याला इंजिन उत्तम चालले. शेठलोकांनी धुरात हात धरून पाहिले, एकाने रुमालाला वास लावून घेतला, पेढे वाटले. फिटर काहीही सांगो, त्या दिवशी काहीही फुटले नाही. त्यानंतरही ते जवळजवळ तीन आठवडे रोज चालले. मग दिवाळीला कारखाना पाच दिवस बंद राहिला. त्या पाच दिवसांत इंजिनाच्या इंधनपंपात खाऱ्या पाण्याचे थेंब तळाशी बसले आणि मिस्त्रींनी सांगितले होते ते करीत राहिले.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर हँडल मारून दमला. विहिरीवरून पाणी येईना, कढई थंड, चाळीस माणसे हात बांधून बसलेली. त्याने इंधनाचा पंप खोलला. आतला पोलादी दांडा, जो बोटाने ढकलला की तेलकट सरकायला हवा, तो गंजून जागच्या जागी धरला होता. कडेला पांढुरके काही तरी सुकले होते. फिटरने ते नखाने खरवडले आणि, आमच्या कारखान्यातल्या कोणीही केले असते तसे, जिभेला लावले.

“आयला, खारट!” तो म्हणाला. “साहेब, मीठ आहे हे.”

तोवर शेठजी विहिरीपाशी येऊन पोहोचले होते. मागून मिस्त्रीही आले होते, कारण कढईवर काम नव्हते. शेठजींनी पंप पाहिला, फिटरकडे पाहिले आणि विचारले, “डिझेलमध्ये मीठ कोण टाकला?”

आता मी माझ्या बाजूने जे सांगता येते ते सांगतो, कारण न्याय सर्वांना हवा. त्या एका क्षणात माझ्या मनात स्वतःची कातडी नव्हती. निदान एकटी नव्हती. मला वाटले, केमिस्ट चुकला असे ठरले तर शेठजी म्हणतील की ही पद्धतच खोटी आहे आणि पाच महिन्यांचे काम गटारात जाईल. कुणा कामगाराच्या हातून सवयीने काही पडले असे ठरले, तर पद्धत वाचेल. एवढा विचार मी खरोखर केला. तो इतक्या झटपट कसा झाला, याचेच मला पुढे अनेक वर्षे आश्चर्य वाटत राहिले.

मी म्हणालो, “शेठ, आपल्याकडे मीठ एकाच खात्यात असतं. साबणखात्यात.”

वाक्यात एक अक्षर खोटे नव्हते.

शेठजी वळले. “मिस्त्री? तुमचा मीठ?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मग ते म्हणाले, “व्हय शेठ. घमेला मीच आणलंय.” तेही खरेच होते. दोन खऱ्या वाक्यांनी मिळून एक खोटी गोष्ट उभी केली आणि तीच आजपर्यंत चालत आली आहे. फिटरने तेव्हा जे ऐकले तेच तो ध्वनिक्षेपकावर सांगतो. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो ड्रमपाशी नसून माळा आणायला बाजारात गेला होता, आणि दिवाळीनंतर त्याला जे दिसले ते माझ्यामार्फतच दिसले.

शेठजींनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी मिस्त्रींची कढई काढून त्यांच्या हाताखालच्या माणसाला दिली. मिस्त्रींना साबणाच्या वड्यांवर शिक्का मारण्याच्या टेबलावर बसवले. पगार तोच ठेवला, आणि त्यामुळे सर्वांना वाटले की शेठजी मोठ्या मनाचे आहेत. ज्या माणसाच्या जिभेवर कारखान्याचा साबण ठरत असे, तो माणूस सकाळी नऊपासून पितळी शिक्का उचलून खाली ठेवू लागला. नवा माणूस कढईवर चुकत असे. त्याचा साबण मला प्रयोगशाळेत कधी चटका देणारा, कधी नुसता तेलकट लागत असे. मी ‘माल बरोबर आहे’ असेच सांगत राहिलो, कारण माल चूक म्हटले असते तर ती चूक कोणाला विचारून सुधारायची, हेही सांगावे लागले असते.

माझी पद्धत वाचली का? आठवडाभरात शेठजींनी विहिरीवर विजेची मोटर बसवली. इंजिन भंगारवाल्याने ढकलगाडीवर नेले. करंजाच्या एस्टरचे उरलेले दोन डबे कोणी तरी गंजलेल्या नटबोल्टांवर ओतून संपवले. मी शेठजींना म्हणालो, “मीठ पडलं नसतं तर इंजिन वर्षभर चाललं असतं.” ते म्हणाले, “खरा आहे साहेब. पण आपला धंदा साबणाचा.” ज्यासाठी मी गप्प राहिलो होतो, ते एवढ्यावर संपले.

शिमग्याला मिस्त्री गावी गेले. परत आले ते भांडुपची खोली रिकामी करायला. हे मला शिक्क्याच्या टेबलावरच्या माणसाकडून कळले. मी एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो. घरातली माणसे पुढे गावी गेली होती. ते एकटेच भांडी गोणपाटात गुंडाळत होते. त्यांनी मला ट्रंकेवर बसवले आणि चहा केला. मी काय बोलायचे ते पाठ करून गेलो होतो आणि बोललोही: की मी शेठजींना खरे काय ते सांगणार होतो, योग्य वेळ पाहत होतो, आणि मी तुमच्याविरुद्ध एकही खोटा शब्द बोललो नाही.

मिस्त्री दोरी आवळत होते. ते न थांबता म्हणाले, “तुमी खोटा नाय बोललात, ताच माका लागला. खोटा बोलला असतात तर दोन शिव्या घातलंय असतंय आनि इसारलंय असतंय.”

त्यांनी गाठ मारली. ते पुढे म्हणाले, “चाय पिया. थंड होता.”

मी चहा प्यालो. शेठजी तेव्हा हयात होते, कारखाना तेथून अर्ध्या तासावर होता आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता. त्या सोमवारी मी शेठजींच्या केबिनमध्ये गेलो आणि आलेल्या खोबरेल तेलाविषयी बोलून बाहेर आलो. नंतरही बरेच सोमवार आले. यंदाच्या मेळाव्यात मी पहिल्या रांगेत बसलो होतो. फिटर सांगत होता, “मिस्त्रीची सवय ती! ड्रमला कढई समजला, घातलं ना मीठ! वाट लागली इंजिनाची!” सगळे हसले. त्याने माझ्याकडे बोट करून म्हटले, “विचारा साहेबांना!” आणि मी, जो आयुष्यभर कोणाचे चुकीचे ऐकून घेत नाही अशी ख्याती मिरवतो, त्या माणसाने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, हे कोणाच्या लक्षात आले नसावे. मला माहीत आहे.

हे सर्व लिहून झाल्यावर, छापण्यापूर्वी मिस्त्रींच्या घरच्यांना दाखवावे, असे मला वाटले. त्यांची धाकटी मुलगी नाहूरला राहते आणि शाळेत शिक्षिका आहे, एवढे फिटरला ठाऊक होते. त्याने पत्ता दिला. मी गेलो. आता तीही साठीकडे झुकली आहे. तिने कागद हातात घेतले नाहीत. “काका, तुम्हीच वाचा, माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय,” म्हणाली. मी सगळे वाचले. मधे ती दोनदा हसली, पळीपाशी आणि ‘साबण झालो’पाशी. नंतर हसली नाही.

वाचून झाल्यावर मी कागदांची घडी घातली. मग म्हणाली, “बाबा आम्हाला नेहमी सांगायचे ना हे.”

“काय सांगायचे?”

“मीठ मीच टाकलं म्हणून. गणपतीत सगळे जमले की सांगायचे. केमिस्टसाहेब नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही, साहेबांचा एवढा मोठा शोध माझ्यामुळे बुडाला. खूप रंगवून सांगायचे. तुमचं खूप कौतुक करायचे, काका.”

मी म्हणालो, “ते खरं नाही.”

“हो, कळलं आता. पण मग बाबा आमच्याशी खोटं का बोलले?”

इतरांच्या सांगण्यातल्या चुका काढणे हे माझे आयुष्यभराचे काम. एरंड नव्हे करंज, स्फोट नव्हे गंज, हे मी क्षणात सांगू शकतो. या प्रश्नावर मात्र मी अंदाजच बांधू शकतो. कढईवरचा माणूस चुकला, असे मुलांना सांगणे सोपे गेले असेल. कढईवरच्या माणसाची कढई दुसऱ्याच्या चुकीपायी गेली आणि तो ‘व्हय शेठ’ म्हणून गप्प राहिला, हे सांगणे कठीण गेले असेल. हा माझा तर्क आहे. तो मी तिला बोलून दाखवला नाही.

“छापायचं की नाही ते तूच सांग,” मी म्हणालो.

तिने विचार केला. “तुम्हाला छापायचं असेल तर छापा. ते तुमचं आहे. पण काका, आमच्याकडे मुलं बाबांची गोष्ट सांगतात, ती मी काही बदलायला सांगणार नाही त्यांना.”

मी उठलो. तिने खाली फाटकापर्यंत सोबत केली आणि रिक्षा थांबवून दिली. कागद दुसऱ्या दिवशी संपादकांकडे दिले. त्यांचा फोन आला होता: “साहेब, एवढं जुनं कशाला उकरताय? लोक हसले, संपलं.” मी त्यांना सांगितले की एक शब्दही न गाळता छापावे, आणि हा शेवटचा भाग नंतर लिहून त्याला जोडायला पाठवला आहे. ते बहुधा छापतील. पुढच्या मेळाव्यात फिटर बहुधा ही हकीकत सांगणार नाही. पण नाहूरच्या त्या घरात येत्या गणपतीत मीठ मिस्त्रीच टाकणार आहेत आणि केमिस्टसाहेब त्यांना नको नको म्हणणार आहेत. तेथे जाऊन ‘चूक’ म्हणण्याचा अधिकार मला नाही.